बदललेला पाऊस आणि जुनी भिंत: कोल्हापुरातल्या वाड्या-देवळांची निगा

शंभर चौरस मीटरच्या छपरावर तासाला १०० मिलिमीटर या वेगानं पाऊस कोसळला, तर त्या तासाभरात १०,००० लिटर पाणी वळचणीला येतं. म्हणजे भरलेला एक मोठा टँकर. पेठेतल्या जुन्या वाड्यात हे पाणी झेलायला सहसा पत्र्याची पन्हळ आणि दोन उभे पाइप असतात, त्यातला एक पारव्यांच्या घरट्यानं तुंबलेला. वाडा पूर्वीच्या संततधारेत तगला, कारण तो पाऊस दिवसभर झिमझिमत पडायचा. आता आठ-दहा दिवस कोरडे जातात आणि मग एका दुपारीत सगळं ओतून मोकळं होतं.

कारण साधं आहे. हवा एक अंश सेल्सिअसनं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते. त्यात आपल्या जिल्ह्याचा पाऊस मुळातच टोकाचा: गगनबावड्यात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर, शिरोळकडे ५००च्या आसपास. शहर या दोन्हींच्या मधे, आणि वरच्या तालुक्यांचं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावतीतून पंचगंगेत. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

या दोन पुरांमधलं अंतर जुन्या भिंतीच्या हिशेबात फार कमी आहे. जाड भिंत वाळण्याचा ढोबळ आडाखा महिन्याला एक इंच असा धरतात. तीन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी वाळत असेल तर दीड वर्ष, एका बाजूला फरशी किंवा ऑइल पेंट असेल तर तीन. ऑगस्ट २०१९ मध्ये बुडालेली भिंत मधला एक पावसाळा सोसून पुरती कोरडी होते न होते, तोच जुलै २०२१ चं पाणी आलं. म्हणून खाली जे सांगितलंय त्याचा रोख एकच आहे: पाणी आत येण्याच्या वाटा कमी करा, पण बाहेर पडण्याची वाट कधीही बुजवू नका. वाड्यांचे मालक, छोट्या देवळांचे विश्वस्त, तालमींचे कार्यकर्ते यांना स्वतः किंवा गवंड्याकडून करून घेता येईल एवढंच इथे घेतलंय.

भिंतीच्या पोटात काय असतं

आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाणी फारसं पीत नाही. पाणी जातं सांध्यातून. जुनी भिंत बाहेरून घडीव दगडाची दिसली तरी ती दोन पदरी असते. मधे डबर, माती आणि चुन्याचा भराव. सांधे उघडे पडले की जोराच्या सरीचं पाणी या भरावात शिरतं, माती धुऊन नेतं, आतली पोकळी वाढते आणि बाहेरचा पदर सुटून पुढे येतो. गवंडी म्हणतात, ‘भिंतीनं पोट काढलंय.’ ते तपासायला लाकडी हातोडीनं दगडावर हलकं ठोका. भरीव जागी आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी बद्द. वरून ओळंबा सोडून दर फुटाला दोरी आणि भिंत यातलं अंतर लिहून ठेवा. पोट इंचभराच्या पुढे असेल किंवा गेल्या वर्षीपेक्षा वाढलं असेल, तर दर्जा (सांध्यातला चुन्याचा भरणा) भरू नका. आधी टेकू द्या आणि जुन्या दगडी बांधकामाची जाण असलेला इंजिनिअर बोलवा.

सगळा काळा दगड मात्र सारखा नाही. पांढरे ठिपके असलेला, जरा भुरकट दगड नीट बघा. त्यात चिकणमातीसारखी फुगणारी खनिजं असतात. भिजला की फुगतो, वाळला की आकसतो. हे चक्र पूर्वी हंगामात मोजक्या वेळा व्हायचं. आता प्रत्येक उघडीप आणि प्रत्येक ढगफुटीसरशी होतं, आणि दगडाचे पापुद्रे निघतात. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा तर सच्छिद्रच. त्याला पाणी रोखणारं कोटिंग मारण्याचा मोह होतो, पण मागून आलेलं पाणी त्या थराआड अडकतं आणि तो दगडाच्या पृष्ठभागासकट सुटतो.

पंचगंगा घाटावरची देवळं दरवर्षी बुडतात आणि टिकतात. घट्ट दगड, बारीक सांधे, आणि पाणी उतरलं की चारही बाजूंनी वारा. बोळात तीन बाजूंनी चिकटून उभ्या असलेल्या वाड्याला तो वारा मिळत नाही, म्हणून एकाच पुराचं नुकसान तिथे जास्त.

मृगाआधी छप्पर

वर्षातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टळलेलं काम हेच. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करा. ७ जूनची वाट पाहिली तर कौलं शाकारणारा माणूस मिळत नाही.

आधी पाइपांचं गणित. १०० मिलिमीटर व्यासाचा एक उभा पाइप तासाला ५० मिलिमीटर पावसात सुमारे ८५ चौरस मीटर छपराचं पाणी उतरवतो. ७५ मिलिमीटर पावसात ५७, आणि १०० मिलिमीटर पावसात फक्त ४३. म्हणजे शंभर चौरस मीटरला पूर्वी दोन पाइप पुरत होते, आता तीन लागतात. छपराची लांबी-रुंदी मोजा आणि १०० मिलिमीटरचा आकडा धरून पाइप मोजा. पन्हळीला दर तीन मीटरला किमान एक ते दीड सेंटिमीटर उतार हवा. शिवाय पन्हळीच्या बाहेरच्या कडेला, आतल्या कडेपेक्षा इंचभर खाली, एक खाच ठेवा. पाइप तुंबलाच तर पाणी त्या खाचेतून अंगणात पडेल, भिंतीत जाणार नाही. खाच दिसायला वाईट दिसते, असं कुणीतरी म्हणणारच. तरी ठेवा.

मंगलोरी कौलं एकेक करून हलवून बघा. वळिवाच्या वावटळीत आधी उडतात ती वळचणीच्या दोन ओळींतली आणि आढ्यावरची. तेवढी तरी तांब्याच्या किंवा गॅल्व्हनाइज्ड तारेनं रिपेला बांधा. आढ्यावरची कौलं सिमेंटमध्ये पक्की करू नका. उन्हात छप्पर ताणतं-आकसतं आणि सिमेंटला कौलाच्या कडेनं बारीक भेग पडते. गळतीवर उपाय म्हणून कौलांखाली ताडपत्री घालतात, तीही रिपांवर थेट अंथरतात. तिच्या खालच्या अंगाला घाम साचतो आणि वासे वरून कुजतात. घालायचीच असेल तर कौल आणि ताडपत्री यांच्यात एक इंचाची उभी पट्टी मारून हवा खेळती ठेवा, आणि आढ्यापाशी फट सोडा.

देवळाच्या शिखराला किंवा उंच मनोऱ्याला वीजरोधक असेल तर त्याची अर्थिंग मोजून घ्या. १० ओहमच्या आत हवी. मे महिन्यात जमीन सर्वांत कोरडी असते, तेव्हाचा आकडा खरा.

जोत्याशी पाणी

डांबराचा थर दर काही वर्षांनी चढत गेला आणि रस्ता जोत्याच्या बरोबरीला आला. चौकातलं पाणी पूर्वी ज्या दगडी मोरीतून रस्त्याच्या गटारीत जायचं, त्याच मोरीतून आता गटारीचं पाणी चौकात येतं. मोरीच्या तोंडाला एका बाजूनंच उघडणारी झडप बसवा आणि तिला आतून पोचता येईल असं झाकण ठेवा, कारण झडपेत प्लॅस्टिकची पिशवी अडकली की ती उघडीच राहते. रस्त्याचं नवं काम निघालं तर जुना थर खरवडून मगच नवा टाका, असं लेखी मागा. नंतर तक्रार करून उपयोग होत नाही.

दुसरं दुखणं पेव्हर ब्लॉकचं. भिंतीला टेकवून पेव्हर किंवा काँक्रीट केलं की जमिनीतली ओल वर यायला एकच वाट उरते, भिंत. देवळाभोवती ‘सुशोभीकरण’ झाल्यावर दोन पावसाळ्यांत जोत्यापासून गुडघाभर पांढरा पट्टा दिसतो तो याच कारणानं. भिंतीलगत अडीच-तीन फुटांची पट्टी मोकळी करा, २० ते ४० मिलिमीटरची खडी भरा, आणि तळाला भिंतीपासून दूर ४० ला १ असा उतार द्या. खणताना पायाच्या वरच्या कडेच्या खाली जाऊ नका, आणि एका वेळी एक-दीड मीटरच खणा. पूर्ण लांबी उघडी पडली आणि त्यातच वळीव आला तर पाया हलतो.

नदीकाठच्या काळ्या मातीचा स्वभाव वेगळा सांगायला नको. भिजली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा. उघडीप लांबली की घराच्या एका कोपऱ्याखालची माती आकसते आणि तो कोपरा बसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी तड याची खूण. यावर भरपूर पाणी मारणं हा उपाय नाही. ओल सगळीकडे सारखी राहणं महत्त्वाचं, म्हणून गळका नळ बंद करा आणि भिंतीलगतची मोठी झाडं टाळा.

तटबंदीचं तत्त्वही तेच, फक्त प्रमाण मोठं. गडाच्या तटामागे मातीचा भराव असतो. तो पाण्यानं भरला आणि तटातली पाणी बाहेर सोडणारी भोकं गवतानं, कचऱ्यानं बंद असली, की पूर्ण वजन तटावर येतं. पन्हाळ्यासारख्या गडावर श्रमदानाला जाणाऱ्यांनी, परवानगी घेऊन, ही भोकं आणि वरचे चर मोकळे केले तरी बुरुजाला पुष्कळ आधार होतो.

पिंपळ, वड, उंबर

बोटभर रोपटं पावसाच्या पहिल्या आठवड्यात, सांधा ओला असताना, मुळासकट हातानं निघतं. तेव्हाच काढा. अंगठ्याहून जाड मूळ ओढू नका. ते आता दोन दगड धरून आहे, ओढलं की दगडही येतो. खोड बुंध्याशी कापा, परवानाधारक माणसाकडून ताज्या कापावर औषध लावून घ्या, आणि मूळ मेल्याची खात्री झाल्यावर तेवढेच दगड नंबर टाकून उतरवून परत बसवा. ॲसिड, मीठ, हिंग हे घरगुती इलाज नकोत. मिठानं पिंपळ मरो न मरो, भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) नक्की लागतो. शेवाळासाठी मऊ नायलॉनचा ब्रश आणि साधं पाणी पुरतं. तारेचा ब्रश आणि प्रेशर वॉशर नको, कोरीव कामावर तर अजिबात नको.

चुन्याचा दर्जा

सिमेंटनं भरलेला सांधा जवळून बघा. काळ्या दगडांमधून राखाडी रेघ गेलेली असते, आणि रेघेच्या वरच्या कडेला केसाएवढी काळी फट. पाणी त्या फटीतून आत जातं. परत येताना समोर सिमेंट असतं, म्हणून ते दगडातून किंवा विटेतून वाट काढतं आणि बरोबर क्षार आणतं. काही वर्षांनी जुन्या विटा आत झिजलेल्या आणि सिमेंटची जाळी पुढे उभी, असं उलटं चित्र दिसतं. सांधा दगड-विटेपेक्षा मऊ असायला हवा. झिजायचं तर त्यानं झिजावं. तो बदलता येतो.

चुना भट्टीची कळी (भाजलेला, पाणी न लागलेला चुना) आणून विरवायचा असेल तर पिंपात आधी पाणी घ्या, त्यात कळी थोडीथोडी सोडा; उलट केलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. चष्मा आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय हे काम कुणालाही करू देऊ नका. विरलेला चुना चाळून, वर चार बोटं पाणी ठेवून, किमान महिनाभर मुरवा.

कोरड्या, वरच्या भिंतीसाठी प्रमाण: १ भाग मुरलेला चुना, अडीच भाग वाळू. जोत्याशी आणि पुराच्या पातळीखाली: १ चुना, १ सुरखी (विटांची पूड), २ वाळू. सुरखी कमी भाजलेल्या जुन्या विटांची बारीक चाळलेली हवी. जास्त भाजलेल्या, काळपट विटेची सुरखी नुसती पूड असते, ती चुन्याशी धरत नाही. क्रश सँड वापरणार असाल तर बरणीत पाणी आणि चिमूटभर मीठ घालून हलवा, तीन तास ठेवा. वरचा गाळ वाळूच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर धुऊन घ्या. घाणीत दळलेला चुना मिळाला तर उत्तम. फावड्यानं कालवायचा असेल तर वीस मिनिटं, आणि पाणी जवळजवळ नाहीच. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालण्याची पद्धत आहे. १० किलो चुन्याला २०० ग्रॅम गूळ बास. कोल्हापुरात गुळाला काय तोटा, म्हणून हात सढळ सुटतो, आणि मग दर्जा आठवडाभर ओलाच राहतो व त्यावर मुंग्यांची रांग लागते.

सांधा हातछिन्नीनं खरवडा, ग्राइंडरनं नाही. त्याचं पातं दगडाच्या कडा कापतं. खोली सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट, कमीत कमी एक इंच. धूळ काढा, आदल्या संध्याकाळी आणि भरण्याआधी पाणी शिंपडा, मग अर्ध्या इंचाच्या थरांनी दाबत भरा. शेवटचा थर दगडाच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर आत ठेवा. दगडावर पसरवलेला दर्जा रुंद दिसतो आणि त्याच्या पातळ कडेखाली पाणी थांबतं. त्यावर ओलं गोणपाट, दहा ते पंधरा दिवस.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, सावकाश, आणि तेवढा वेळ त्याला ना कडक ऊन चालत ना मुसळधार पाऊस. म्हणून आपल्याकडे दसऱ्यानंतर काम सुरू करून फेब्रुवारीपर्यंत संपवण्याची रीत आहे. आता दिवाळीतही वळीव येतो आणि फेब्रुवारीतच ऊन तापतं. मोसम दोन्हीकडून आखडलाय. परांचीला ताडपत्री बांधूनच सुरुवात करा, रोज संध्याकाळी सोडा, आणि एका हंगामात एकच भिंत घ्या. दर्जा आतपर्यंत पिकला का, हे कळायला एक तुकडा मोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाका. गुलाबी झाला तेवढा अजून कच्चा. शाळेच्या प्रयोगशाळेला साहित्य पुरवणाऱ्या दुकानात ही बाटली मिळते.

पूर ओसरल्यावर

मेन स्विच बंद, आणि भिंतीनं पोट काढलंय का ते बाहेरून बघूनच आत जा. तळघर किंवा भुयार भरलं असेल तर पंप लावून एका दिवसात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्यानं भरलेली असते. आतला दाब काढला की भिंत आत ढकलली जाते. दिवसाला दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त पातळी उतरवू नका.

गाळ ओला असतानाच साध्या पाइपच्या मंद धारेनं खाली घ्या. वाळला की कोरीव कामात दगडासारखा बसतो. मग भिंतीवरची अडवण काढा: टाइल्सचा डॅडो, पीओपी, ऑइल पेंट, भिंतीला टेकलेली कपाटं. पुराच्या खुणेच्या वर एक फुटापर्यंत. खिडक्या उघड्या, पाऊस आला की बंद. हॅलोजन किंवा हीटर लावून वाळवू नका. पृष्ठभाग झटकन सुकतो, क्षार तिथेच पृष्ठभागाखाली साचतात आणि पोपडा उडतो.

लोणा पांढऱ्या केसांसारखा बाहेर आला की कोरड्या मऊ ब्रशनं सुपात झाडून घ्या आणि घराबाहेर टाका. पाण्यानं धुतलात तर तो विरघळून परत आत जातो. फार असेल तर कागदाचा लगदा डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून बोटभर थर थापा, दोन-तीन आठवडे वाळू द्या, सोलून काढा, परत लावा. क्षार लगद्यात ओढले जातात. भिंत वाळली का, हे ओल मोजणाऱ्या सुयांच्या यंत्रावर सोडू नका. खारट भिंतीत ते उगाच जास्त दाखवतं. फूटभर पारदर्शक प्लॅस्टिक चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर खोलीतली दमट हवा दोषी. पुरती वाळल्यावर चुन्याचे तीन-चार पातळ हात. प्लॅस्टिक इमल्शन नको, गणपतीआधी घाई असली तरी नको.

तुळयांचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे टोचणी घुसवून बघा. सागात ती दोन-तीन मिलिमीटरवर अडली पाहिजे. लोण्यासारखी गेली तर आत कूज आहे. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. टोकाभोवती बोटभर पोकळी मोकळी ठेवा, तिथे सिमेंट भरू नका.

तड आणि परवानगी

तडीच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोका, मधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, भिंतीवरच पेन्सिलीनं तारीख घाला. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी असं वर्षातून चारदा. मे महिन्यात उघडून ऑगस्टमध्ये मिटणारी तड मातीची आहे, तिला चुना भरून सोडा. चारही वेळा वाढत गेलेली तड पायाची.

पन्हाळा (२०२५ पासून जागतिक वारसा यादीतल्या मराठा किल्ल्यांपैकी एक) आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहेत. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाखेरीज कुणीही दगडाला हात लावायचा नाही. अशा वास्तूपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम मना, आणि तिथल्या जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढचे २०० मीटरही परवानगीचेच. शहरातला वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, ते कामाआधी बघून घ्या.

काम देताना दर विचारण्याआधी गवंड्याकडून मागच्या बाजूला, पश्चिमेच्या पावसाला तोंड देणाऱ्या भिंतीवर, एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून घ्या आणि त्याचे पैसे वेगळे द्या. तो एका पावसाळ्यातून जाऊ द्या. दसऱ्यानंतर नखानं दर्जा ओरखडून, कडेची फट बघून, मग उरलेल्या भिंतीचा करार करा.